शब्द शोधायला किती वेळ लागतो?

संगणकावर एखादा लांबलचक मजकूर उघडा आणि त्यात एक शब्द शोधण्याची आज्ञा द्या. कळ दाबताच उत्तर पडद्यावर येते. या कामाला नेमका किती वेळ लागला, हे कसे मोजाल?

हातातले घड्याळ येथे निरुपयोगी आहे. डोळ्यांनी पाहून बोट हलवायलाच आपल्याला सुमारे ०.२ सेकंद लागतात. म्हणून संगणकाच्याच घड्याळाने वेळ मोजणारी छोटी आज्ञावली लिहावी. पण त्या घड्याळाचे लघुतम मापही पाहायला हवे. विंडोज प्रणालीतील एक साधे घड्याळ १० ते १६ मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी पुढे सरकते. त्यावर ३ मिलिसेकंदांचे काम कधी ० दिसेल, तर कधी १६!

यावरचा उपाय तुम्ही प्रयोगशाळेत केलेला आहे. लंबकाच्या एकाच आंदोलनाचा वेळ न घेता आपण २० आंदोलनांचा वेळ घेतो आणि २० ने भागतो. तसाच शोध १०० वेळा करा व १०० ने भागा. असे पाच संच घ्या.

मात्र दोन गोष्टी सांभाळा. मजकुरात नसलेला शब्द निवडा, म्हणजे संगणकाला शेवटपर्यंत जावेच लागेल. तसेच पहिला शोध हिशेबात धरू नका. त्या वेळी मजकूर डिस्कवरून आणावा लागतो. पुढे तो बहुधा स्मृतीतच असतो.

समजा, पाच संचांतून दर शोधाला १२, १२, १३, १२ आणि २१ मिलिसेकंद असे वेळ मिळाले. त्यांची सरासरी १४ येते, पण मध्यक १२ आहे. यांतला कोणता आकडा घ्यावा? संगणक मध्येच दुसरे एखादे काम करू लागला, तर वेळ वाढतो. त्यामुळे तो कमी कधीच होत नाही. चूक एकाच बाजूला होते, म्हणून येथे मध्यक घेणे बरे.

आता मजकुराची लांबी बदला. समजा, १०, २० आणि ३० लाख अक्षरांना अनुक्रमे १२, २० आणि २८ मिलिसेकंद लागले. लांबी दुप्पट झाली, तरी वेळ दुप्पट का झाला नाही? आलेख काढा. सरळ रेषा मिळेल, पण ती आरंभबिंदूतून जाणार नाही. उभ्या अक्षाला ४ वर छेदेल. हे ४ मिलिसेकंद शोधाची तयारी आणि इतर ठरावीक कामांचे आहेत. खरा शोध रेषेच्या चढात आहे : १० लाख अक्षरांना ८ मिलिसेकंद. दोन पद्धतींची तुलना करायची ती या चढावरून.

रॉबर्ट बॉयर आणि जे. स्ट्रॉदर मूर यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत हा चढ कमी करते. तिच्यात शोधायच्या शब्दाचे शेवटचे अक्षर आधी ताडून पाहतात. मजकुरात त्या जागी असलेले अक्षर शब्दात कोठेच नसेल, तर शब्दाच्या लांबीइतकी उडी घेता येते. आठ अक्षरी शब्द असेल, तर एकदम आठ जागा पुढे!

मग या पद्धतीने लांब शब्द लवकर शोधून होईल की आखूड? आधी तर्क करा, मग मोजून पाहा.