होडीचे यंत्र आणि पंखा : निवड कशी करावी?

पैठणजवळ गोदावरीवरील जायकवाडी धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसविण्यात आली. या धरणामुळे निर्माण झालेल्या विस्तीर्ण नाथसागरावर मासेमारी हा अनेक कुटुंबांचा व्यवसाय आहे. वल्ह्याच्या होडीला यंत्र बसविण्याचा विचार करणारे बांधव बहुधा एकच प्रश्न विचारतात, "किती अश्वशक्तीचे यंत्र घ्यावे?" परंतु केवळ मोठे यंत्र घेतल्याने होडी वेगवान होत नाही. ओझे, यंत्र व पंखा या तिघांचा मेळ बसला पाहिजे. तो न बसल्यास तेल वाया जाते व कर्जाने घेतलेले यंत्र अकाली निकामी होते.

अश्वशक्ती किती असावी?

पाणी कापत संथ जाणाऱ्या होडीला एक टन एकूण वजनामागे सुमारे ५ अश्वशक्ती पुरेशी होते. समजा, होडी २५० किलो, यंत्र ४० किलो, तीन माणसे १८० किलो आणि जाळे, बर्फ व मासळी ३०० किलो आहे. एकूण वजन ७७० किलो झाले. यास सुमारे ४ अश्वशक्ती लागते. वारा व लाटांसाठी राखीव धरून ५ ते ६ अश्वशक्तीचे यंत्र घ्यावे.

अशा होडीच्या वेगाला तिच्या लांबीची मर्यादा असते. पाण्यावरील लांबी १६ फूट असल्यास हा वेग ताशी सुमारे १० किलोमीटर असतो. त्यापुढे अश्वशक्ती वाढविली तरी वेग थोडाच वाढतो, लाट मात्र मोठी उठते. उलट या मर्यादेजवळ वेग एक दशांशाने कमी केला, तर शक्तीची गरज सुमारे एक चतुर्थांशाने घटते.

पंख्याचे दोन आकडे

पंख्यावर दोन आकडे असतात. पहिला व्यास व दुसरा पिच. लाकडात स्क्रू एका फेऱ्यात जितका आत शिरतो, तितके अंतर म्हणजे पिच होय. पाणी लाकडासारखे घट्ट नसल्याने पंखा थोडा घसरतो. ६ इंच पिचचा पंखा मिनिटास २,५०० फेरे फिरल्यास हिशेबाने वेग ताशी सुमारे २३ किलोमीटर येतो; भरलेली संथ होडी प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपासच जाते.

पिचची निवड नांगराच्या खोलीसारखी आहे. फाळ फार खोल घातला तर बैल दमतात, फार उथळ घातला तर ते भरभर चालतात पण नांगरट होत नाही. म्हणून भारी व संथ होडीस मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा पंखा घ्यावा.

चाचणी

होडी नेहमीच्या पूर्ण ओझ्यासह शांत पाण्यात पूर्ण वेगाने चालवावी व फेरेमापकाने यंत्राचे फेरे मोजावेत. यंत्राच्या पुस्तिकेत पूर्ण वेगाची मर्यादा ५,००० ते ६,००० फेरे दिली असेल व प्रत्यक्षात ४,७०० येत असतील, तर यंत्र दमत आहे असे समजावे. एक इंच पिच कमी केल्यास फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात. म्हणून ८ ऐवजी ६ इंच पिच घ्यावी. फेरे मर्यादेपेक्षा जास्त झाल्यास पिच वाढवावी. रिकाम्या होडीवर केलेली चाचणी फसवी ठरते.

सावधगिरी

उन्हाळ्यात पाणी ओसरून गाळपेरीची जमीन उघडी पडते, तेव्हा उथळ पाण्यात दगड व बुंधे पंख्याला लागतात. पाते वाकल्यास होडी थरथरते. ते त्वरित दुरुस्त करावे. पंखा आपटल्यावर प्रथम मोडणारी छोटी पिन जादा जवळ ठेवावी. मोकळ्या जलाशयात वारा अकस्मात उठतो, म्हणून प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालावे आणि वल्ही होडीतच ठेवावीत.

नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. यंत्र विकत घेण्यापूर्वी वन विभाग व मत्स्यव्यवसाय विभाग यांच्याकडे परवानगीविषयी चौकशी करावी. ग्रामसेवकांनी होडीचे वजन व लांबी यांचा हिशेब होडीमालकाबरोबर बसून करावा आणि मगच कर्जाच्या अर्जावर अश्वशक्तीचा आकडा लिहू द्यावा.