गुडघ्याची गोळी आणि आईचं आतडं

आईचे गुडघे उसाच्या भांगलणीत गेले. दोन वर्षं ती रोज डायक्लोफेनॅक घ्यायची. मेडिकलमधून पट्टी मीच आणायचो. मग जिना चढताना तिला दम लागायला लागला. हिमोग्लोबिन ७.२ निघालं. दुर्बिणीनं जठर पाहिलं, मोठं आतडं पाहिलं, दोन्ही स्वच्छ. शेवटी कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला दिली, तेव्हा लहान आतड्यात जागोजागी गोळीनं झालेल्या जखमा दिसल्या. त्यातून जे शिकलो ते असं.

१. पित्ताची गोळी लहान आतड्याला वाचवत नाही. ती मी सकाळी उपाशीपोटी न चुकता द्यायचो आणि निर्धास्त असायचो. ती जठरातलं आम्ल कमी करते; लहान आतड्यात जखम व्हायला आम्ल लागतच नाही. डायक्लोफेनॅक यकृतातून पित्तरसाबरोबर पुन्हा आतड्यात उतरतं, तिथले जीवाणू ते मोकळं करतात आणि अस्तराला परत परत इजा होते. २००५ मध्ये ४० धडधाकट माणसांना दोन आठवडे डायक्लोफेनॅक आणि सोबत ओमेप्रॅझोल ही पित्ताची गोळी देऊन पाहिलं होतं. ६८ टक्के जणांच्या लहान आतड्यात नवी इजा दिसली. दोन आठवड्यांत! आईची दोन वर्षं झाली होती.

२. पोट दुखायची वाट बघू नये. आईचं कधीच दुखलं नाही. कराडजवळच्या आमच्या मलकापुरात चोवीस तास पाणी आणि नळाला मीटर. घरातले सगळे नळ बंद असताना मीटर फिरलं की गळती कळते. आतड्यातल्या रक्ताच्या गळतीला हिमोग्लोबिन हेच मीटर. गोळी रोजची असेल, तर ते डॉक्टरांना विचारून तपासत राहावं.

३. गोळी जेवून घेतली किंवा इंजेक्शन घेतलं, तरी औषध रक्तातून आतड्यापर्यंत पोचतंच. वेष्टणाची गोळी तर जठर ओलांडून आतड्यातच उघडते.

४. पट्टीवरची बारीक अक्षरं वाचावीत. आई कंबरेसाठी दुसऱ्या डॉक्टरांची एसिक्लोफेनॅकही घेत होती. नावं वेगळी, घराणं एकच.

५. गोळी बंद झाली म्हणून आईला दुखणं सोसायला लावलं नाही. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल, गुडघ्याला चोळायचं जेल, मांडीचे व्यायाम, हातात काठी, आणि लोहाच्या गोळ्या. चार महिन्यांत हिमोग्लोबिन १०.८ झालं.

६. हे ऐकून मामा त्यांची अ‍ॅस्पिरिन सोडायला निघाले. ती हृदयासाठी दिलेली. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, हे मी त्यांना त्याच रात्री फोन करून सांगितलं.