वीज येते कोठून?

मंडळी, भिंतीवरचे बटण दाबले की दिवा लागतो. शेतातला पंप पाणी ओढू लागतो. ही वीज येते कोठून? कोणी म्हणेल, तारेतून. खरे आहे. पण तारेत कोठून आली? तेच आज समजून घेऊ.

आम्ही ठाण्याच्या नौपाड्यात राहतो. संध्याकाळी गोखले रस्त्यावर दुकानांचे दिवे लागतात. सारा रस्ता उजळून निघतो. पण ही वीज नौपाड्यात तयार होत नाही. ती दुरून येते.

सायकलचा डायनामो तुम्ही पाहिला असेल. जुन्या सायकलींच्या चाकाला तो टेकलेला असे. चाक फिरले की डायनामोतला लोहचुंबक फिरतो. त्याच्याजवळ तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. चुंबक फिरला की त्या तारेत वीज वाहू लागते. सायकल थांबली की दिवा विझला! म्हणजे पायांनी कष्ट केले, त्यांचीच वीज झाली. वीज फुकट होत नाही, बरं का.

वीजघरातही असेच यंत्र असते. ते फार मोठे असते, एवढेच. मग एवढे अवजड चाक फिरवायचे कोणी?

एक उपाय पाण्याचा. सह्याद्रीवर पाऊस धो धो पडतो. लोणावळ्याकडे ते पाणी तलावांत अडवले. मोठमोठ्या नळांतून ते खाली खोपोलीस सोडले. ही उतरण पाचशे मीटरांहून अधिक आहे. एवढ्या उंचीवरून आलेले पाणी चाकावर आदळते आणि चाक गरगरा फिरते. ही कल्पना जमशेटजी टाटा यांची. ते १९०४ साली वारले. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. तेथली वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना मिळू लागली.

दुसरा उपाय वाफेचा. भात शिजताना पातेल्यावरचे झाकण थडथड उडते. ते वाफ उडवते. १८५३ साली मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, ती वाफेच्याच जोरावर. एंजिन धूर ओकत येई. पुढे १९२५ साली मुंबईत विजेची गाडी धावू लागली. मग रेल्वेने कल्याणजवळ ठाकुर्लीस वीजघर बांधले. ते १९२९ साली सुरू झाले. तेथे कोळसा जाळून पाण्याची वाफ करीत आणि वाफेने चाक फिरवीत. गाडीचा धूर गेला खरा, पण तो नाहीसा झाला नाही. तो वीजघराच्या धुराड्यातून निघू लागला.

ठाकुर्लीचे ते वीजघर आता बंद आहे. पण चंद्रपूर, कोराडी येथे आजही कोळशावर वीज होते. महाराष्ट्रातली पुष्कळशी वीज कोळशाचीच आहे. तारापूरला १९६९ सालापासून अणूच्या उष्णतेने वाफ करतात. साताऱ्याकडच्या पठारांवर वारा पाती फिरवतो. सूर्याच्या पाट्यांना मात्र चाकच लागत नाही. ऊन पडले की वीज होते.

या सगळ्यांच्या तारा एकमेकींना जोडलेल्या आहेत. अनेक विहिरींचे पाणी एकाच पाटात सोडावे, तसे हे आहे. म्हणून आमच्या दिव्यातली वीज कोळशाची की पाण्याची, हे सांगता येत नाही.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. पुणे जिल्ह्यात मुळशी नावाचा भाग आहे. तेथे धरण बांधायचे ठरले. मुंबईला वीज हवी होती. त्यासाठी मावळातल्या शेतकऱ्यांची भातशेते आणि घरे पाण्याखाली जाणार होती. १९२१ साली त्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. बायाबापड्याही मागे राहिल्या नाहीत. पुष्कळांना तुरुंगवास झाला. तरी धरण झालेच. त्या पाण्यावर भिरा येथले वीजघर १९२७ साली सुरू झाले. शहरात दिवे लागले, पण खेड्यातल्या कित्येक चुली विझल्या. विजेची किंमत नुसत्या बिलात दिसत नाही, ती अशी.

मग आपण काय करावे? दिवे विझवून अंधारात बसावे का? मुळीच नाही. विजेने पोरे अभ्यास करतात, दळण होते, शेताला पाणी मिळते. वीज हवीच. पण ती वाया जाऊ नये.

थोडा हिशेब करू. शंभर वॅटचा जुना बल्ब दहा तास जळला की एक युनिट होते. दहा वॅटचा एलईडी दिवा शंभर तास लावला, तरी एकच युनिट होते. कोळशाच्या वीजघरात एका युनिटासाठी साधारण अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. तो कोणीतरी खाणीत उतरून काढलेला असतो.

ताटात अन्न टाकू नये, असे आपण मुलांना सांगतो. का? त्यामागे शेतकऱ्याचा घाम असतो म्हणून. विजेचेही तसेच आहे. खोलीत कोणी नसेल, तर बटण बंद करा. आणि गावच्या सभेत धरणाचा किंवा वीजघराचा विषय निघाला, तर दोन गोष्टी अवश्य विचारा. वीज कोणाला मिळणार? आणि जमीन कोणाची जाणार? आता तुम्हाला वाचता येते. कागद वाचून मगच अंगठ्याऐवजी सही करा.

उत्तरे सांगा :
१. सायकल थांबली की तिचा दिवा का विझतो?
२. खोपोलीचे चाक कशाने फिरते? ठाकुर्लीचे कशाने फिरत होते?
३. तुमच्या घरी महिन्याला किती युनिटे जळतात? बिल काढून पाहा.