आरसीवर नाव कुणाचं?

अडीच-तीन लाखांत घरच्यांसाठी कुठली जुनी गाडी घ्यावी, असं मला बरेच जण विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात गाडी बहुधा ठरलेली असते, त्याला फक्त मान डोलावणारा माणूस हवा असतो. मी उलट विचारतो, "विकतोय कोण? आरसीवर नाव त्याचंच आहे का?" समोरचा जरा हिरमुसतो. त्याला मायलेजबद्दल बोलायचं असतं.

हे खूळ मला लागलं त्याला कारण आमची वॅगन-आर. साताऱ्यात एका दलालाकडून घेतली. गाडी चांगली होती, आजही आहे. इंजिनाबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. छळलं ते कागदांनी. आरसीवर नाव पुण्यातल्या एका गृहस्थांचं. त्यांनी नवी गाडी घेताना ही एक्स्चेंजमध्ये दिली, तिथून ती एका व्यापाऱ्याकडे गेली, त्याच्याकडून आमच्या दलालाकडे. मधल्या कुणीच ती आपल्या नावावर करून घेतली नव्हती. मूळ मालकाच्या सह्या असलेले, मालकी बदलायचे कोरे फॉर्म २९ आणि ३० तेवढे हातोहात फिरत आले होते. धंद्यात हे सर्रास चालतं, कारण मधल्या प्रत्येकाची फी वाचते आणि गाडी 'फर्स्ट ओनर' राहते.

त्यात आरसीवर बँकेचा बोजा. कर्ज केव्हाच फिटलेलं, पण फॉर्म ३५ घेऊन आरटीओत बोजा उतरवायला कुणी गेलं नव्हतं. बँकेची एनओसी फाइलमध्ये होती, तिची मुदत उलटून गेलेली. नवी एनओसी बँक देणार ती कर्जदाराला, आणि कर्जदार नोकरीनिमित्त परदेशात. दलालाचं एकच पालुपद, "सर, पुढच्या आठवड्यात होतंय बघा काम." पावसाळा आला आणि सरला. गाडी आमच्या दारात, पैसे त्याच्या खिशात आणि कायद्याच्या लेखी मालक ते पुण्याचे काका.

सुटका झाली ती दलालामुळे नव्हे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की गाडी कितीही हात बदलून गेलेली असो, अपघाताच्या भरपाईपुरता मालक तोच, ज्याच्या नावावर नोंदणी आहे. मी त्या काकांचा नंबर मिळवला आणि हे त्यांना फोनवर शांतपणे ऐकवलं. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, "म्हणजे उद्या तुम्ही कुणाला ठोकलंत तर मी?" त्यानंतर मात्र बँकेला मेलही गेला आणि पुण्यातला भाऊ कागद घेऊन हजरही झाला. नाव चढवण्याची गरज विकणाऱ्यालाही तेवढीच असते, हे बहुतेक विकणाऱ्यांना ठाऊक नसतं. ते सांगितलं की पुष्कळ कामं हलतात.

म्हणून माझ्या मते गाडीच्या आधी फाइल बघावी. गाडीचा नंबर मिळाला की एमपरिवहन ॲपवर नोंदणीची तारीख, कितवा मालक, बोजा, विम्याची आणि पीयूसीची मुदत, सगळं दिसतं. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं असतं, पण समोरचा माणूस तोच की नाही, एवढं कळायला ते पुरतं. महाराष्ट्रातली दंडाची चलनं महाट्रॅफिकवर बघावीत, कारण त्यांची थकबाकी शेवटी आपल्याच गळ्यात येते. चॅसिस नंबर आरसीवर वाचून भागत नाही, गाडीवर कोरलेला प्रत्यक्ष वाचायचा. बोजा असेल तर तो उतरल्यावरच उरलेले पैसे द्यायचे. यावर दलाल रुसला तर रुसू द्या.

'विमा चालू आहे, वर्षभर बघायला नको' हे वाक्यही जपून ऐकायचं. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर आपल्याकडे येतो, पण आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र चौदा दिवसांत अर्ज करून नावावर करून घ्यावा लागतो. नाही केला आणि गाडी ठोकली गेली, तर खर्च खिशातून. नो क्लेम बोनस तर विकणाऱ्याचाच, तो गाडीबरोबर येत नाही.

दिल्लीच्या गाड्यांचं एक वेगळंच आकर्षण असतं. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर गदा आली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं, आणि मुदत जवळ आलेल्या गाड्या स्वस्तात बाहेरच्या राज्यांत जाऊ लागल्या. फोटोत त्या चकाचक दिसतात. पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथली नवी नोंदणी, इथला एकरकमी कर आणि या सगळ्यातले हेलपाटे हिशेबात धरले की स्वस्ताई कुठल्या कुठे जाते. ज्याला आरटीओची पायरी चढायचा कंटाळा आहे, त्याने आपल्याच जिल्ह्याच्या पासिंगची गाडी घ्यावी.

आता गाड्यांची नावं. आईचे गुडघे दुखतात, तिला खाली वाकून बसणं जमत नाही. म्हणून आमच्याकडे वॅगन-आर आली. २०१० मध्ये आलेल्या वॅगन-आरमध्ये ९९८ सीसीचं के-टेन इंजिन आहे. त्याला टायमिंग चेन आहे, आधीच्या ११०० सीसीच्या वॅगन-आरला बेल्ट होता. बेल्ट ठरावीक किलोमीटरना बदलावाच लागतो, आणि जुनी गाडी विकणारा तो बदलला असं नुसतं तोंडाने सांगतो, बिल दाखवत नाही. ह्युंदाई आय-टेनचंही तसंच, १.२ कप्पा इंजिनाला चेन, १.१ ला बेल्ट. हजार सीसीच्या आत राहण्याचा आणखी एक फायदा: थर्ड पार्टी विम्याचा मूळ हप्ता जून २०२२ च्या दराप्रमाणे २०९४ रुपये, हजार ते दीड हजार सीसीला ३४१६. दरवर्षीचा फरक आहे हा.

सुरक्षिततेचा आग्रह असेल तर बजेट थोडं ताणून २०१९ नंतरची गाडी बघावी. त्या वर्षी एप्रिलपासून नव्या गाड्यांना एबीएस आणि जुलैपासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या गाड्यांत यायला २०२२ उजाडलं. टाटा टियागोला ग्लोबल एनकॅपच्या २०२० च्या चाचणीत चार तारे मिळाले होते, नव्या वॅगन-आरला २०१९ मध्ये दोन. माझी पुढची गाडी बहुधा टियागोच असेल, आईला चढउतार जमली तर.

ज्या कंपन्या इथला गाशा गुंडाळून गेल्या, त्यांच्या गाड्या मोहात पाडतात. शेवरलेची विक्री २०१७ अखेर थांबली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं ठरवलं, डॅटसन २०२२ मध्ये गेली. यातली फिगो चालवायला फार छान गाडी, मला मनापासून आवडते. तरी तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला मी ती सुचवणार नाही. एखाद्या सेन्सरसाठी गाडी पंधरा दिवस गॅरेजात पडली की मुलांची शाळा आणि आईचा दवाखाना रिक्षाने करावा लागतो. डिझेलबद्दलही तेच. रोजचं धावणं मोठं असेल तर ठीक, पण मंडई आणि शाळेपुरती डिझेल घेऊन इंजेक्टर आणि टर्बोचा खर्च ओढवून घेण्यात अर्थ नाही.

गावातल्या एकाबरोबर त्याच्यासाठी सांगलीला गाडी बघायला गेलो होतो. पांढरी स्विफ्ट, किलोमीटर कमी, किंमत बाजारभावापेक्षा बरीच खाली. आत शिरताच अत्तराचा घमघमाट. बरोबरच्या मेकॅनिकने बोनेट उघडलंच नाही. तो मागच्या सीटवर बसला आणि सीटबेल्ट ओढायला लागला, ओढतच राहिला, पट्टा पार संपेपर्यंत. शेवटच्या वीतभर भागावर आडवी तपकिरी रेघ होती. तिच्या खालचा पट्टा कडक, वरचा मऊ. त्याने ती नखाने खरवडली, बोटाला बारीक माती लागली. मग त्याने पायाखालची मॅट उचलली, सीटची रूळपट्टी दाखवली: सगळी गंजलेली. विकणारा म्हणाला, "दादा, वॉशिंगचं पाणी गेलं असेल." मेकॅनिक हसून म्हणाला, "हो, कृष्णामाईनंच धुतलीय." २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडच्या किती गाड्या बुडाल्या, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं आहे. चिपळूणचंही तेच. त्या सगळ्या भंगारात गेल्या असं समजू नये. सीट धुता येतात, कापड बदलता येतं, पण बेल्टचा आतला पट्टा आणि डॅशबोर्डखालचे वायरींचे हिरवे पडलेले कनेक्टर कुणी सहसा बदलत नाही.

बाकी तपासणीचं फार सांगत नाही, ते कामच मेकॅनिकचं, आणि त्याला पाच-सातशे रुपये द्यायला कुरकुर करू नये. दोन गोष्टी मात्र आपल्यालाही जमतात. गाडी सकाळी बघायला जायचं आणि 'चालू करून ठेवू नका' असं आदल्या दिवशीच सांगायचं. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवायचा. बोनेट गरम लागलं, तर गार इंजिनाचा पहिला धूर त्यांनी आपल्यापासून लपवला आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, आणि तिथेच नमस्कार करून निघायचं. दुसरी गोष्ट, किलोमीटर. मीटर मागे फिरवणं सोपं असतं, क्लच-ब्रेकच्या पेडलचं झिजलेलं रबर मागे फिरत नाही. चाळीस हजार किलोमीटर आणि गुळगुळीत पेडल, किंवा त्याहून वाईट म्हणजे जुन्या गाडीत कोरी करकरीत पेडल, दोन्ही संशयास्पद. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: ३२१८ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. दोन टायर मूळचे आणि दोन परवाचे असतील तर का, ते विचारायचं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नंबरवरून जुन्या नोंदी निघतात, पण मालकालाच बरोबर घेऊन जावं. तो यायला टाळाटाळ करत असेल तर ते उत्तर पुरे आहे.

सीएनजी बसवलेली असेल तर आरसीवर तशी नोंद आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झालीय का, एवढं बघा. बाहेरून बसवलेलं किट आणि आरसीवर नुसतं 'पेट्रोल', अशी गाडी मी फुकट मिळाली तरी घेणार नाही.

भाव करताना वय धरायचं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी, नूतनीकरण आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर. एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाची फीच ५००० झाली. तेरा वर्षांच्या गाडीला आठ वर्षांच्या गाडीचा भाव मागणारे भेटतात, त्यांना हे ऐकवायचं. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नवी गाडी स्वस्त झाली, तेव्हा जुनीची किंमतही त्याच प्रमाणात खाली यायला हवी. विकणाऱ्याला हे ठाऊक असतं, तो आपण विचारायची वाट बघतो.

खिशात तीन लाख असतील तर गाडी अडीच लाखांचीच बघायची. उरलेल्यात टायर, बॅटरी, क्लचप्लेट, ऑइल-फिल्टर, विमा आणि आरटीओ. पैसे शक्यतो बँकेतून, ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्याच खात्यात. डिलिव्हरीच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहून दोघांनी सही करायची, कारण त्या दिवशी सकाळी कॅमेऱ्याने टिपलेलं सिग्नल मोडणं कुणाचं, यावरून नंतर वाद होतात. आणि दुसरी किल्ली मागून घ्या. 'घरी कुठेतरी असेल, पाठवतो' म्हणणाऱ्याकडून ती कधीच येत नाही, म्हणून तिचे दोन हजार तिथल्या तिथे कापून घ्यायचे.