जागरणाचा चहा

परीक्षा जवळ आली की वसतिगृहात चहाचे थर्मास भरू लागतात. चहाने ताकद येते, हा आपला समज कितपत खरा, ते मी पाहिले.

जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन हे द्रव्य साठत जाते व त्यामुळे झोप येऊ लागते. चहातील कॅफिन त्याची जागा अडवते. थकवा तसाच राहतो, फक्त जाणवत नाही. शिवाय शरीरातील कॅफिन निम्मे व्हायला साधारण ५ तास लागतात. म्हणजे रात्री १० वाजता घेतलेल्या चहातले निम्मे कॅफिन पहाटे ३ वाजताही अंगात असते! वाचलेले पक्के होते ते मात्र झोपेत. जागून केलेले पाठांतर म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणे.

तेव्हा मित्रहो, शेवटचा चहा दुपारीच घ्यावा, रात्री ७ तास झोपावे आणि पहाटे ताज्या डोक्याने पुस्तक उघडावे.