आधी पाइप पाहा, मग पॅनेल

पुण्यातल्या अनेक सोसायट्यांच्या गच्चीवर सामाईक सोलर यंत्रणा असते आणि त्यातल्या कितीतरी ठिकाणी सकाळी सातनंतर खालच्या मजल्यांना कोमट पाण्यावर भागवावं लागतं. मग सर्वसाधारण सभेत आवाज चढतात, कोटेशनं मागवली जातात आणि जुनं सोलर काढून नवं, मोठं बसवायचं ठरतं. आमच्या सात मजली इमारतीतही हेच झालं. लाखो रुपये खर्च झाले. नवी पॅनेलं आली, मोठी टाकी आली, तिच्यात जास्त क्षमतेचे बॅकअप हीटर आले. त्या हिवाळ्यात सातव्या मजल्यावर कढत पाणी येत होतं आणि पहिल्या मजल्यावरच्या काकू पूर्वीसारख्याच गॅसवर पातेलं ठेवत होत्या. कॉमन मीटरचं बिल मात्र बरंच वाढलं. मी तेव्हा सोसायटीचा खजिनदार होतो. बिलं माझ्या हातून जायची, त्यामुळे हा पैसा नेमका जातो कुठे, हे शोधायचं काम माझ्याकडे आलं.

पुरवठादाराचं म्हणणं होतं की मागणी जास्त आहे, अजून पॅनेलं लावा. हिशेब काही वेगळं सांगत होता. एक हजार लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ४६ युनिट उष्णता लागते. पुण्यासारख्या ठिकाणी स्वच्छ ऊन असेल तर दोन चौरस मीटरचं पॅनेल दिवसाला शंभरेक लिटर पाणी तापवतं. आमच्या गच्चीवरची पॅनेलं या मापाने पुरेशी होती, आणि संध्याकाळी टाकीतलं पाणी साठ अंशांच्या आसपास असायचं. म्हणजे उष्णता तयार होत होती. ती नळापर्यंत पोचत नव्हती.

मग आम्ही साधा थर्मामीटर घेऊन पहाटे मजल्यामजल्यावर फिरलो. टाकीपाशी, रिंग लाइनवर, रिटर्न लाइन टाकीला मिळते तिथे आणि प्रत्येक मजल्यावरच्या एका न्हाणीघरात, अशी तापमानं लिहून घेतली. हे काम कुठल्याही सोसायटीला एका सकाळी करता येतं, खर्च जवळजवळ शून्य. तरीही नवी यंत्रणा घेण्याआधी ते आमच्याकडे कुणी सुचवलं नव्हतं. पॅनेल विकणारा ते का सुचवेल?

पहिली गळती सापडली गच्चीवर आणि डक्टमध्ये. रिंग लाइनमध्ये गरम पाणी पंपाने सतत फिरवलं जातं, म्हणजे नळ उघडला की लगेच गरम पाणी यावं. कल्पना चांगली आहे. पण आमच्या लोखंडी पाइपांवरचं ग्लासवूलचं आवरण पावसाने भिजून लोंबत होतं, काही ठिकाणी माकडांनी आणि केबलवाल्यांनी ते पार काढून टाकलं होतं. भिजलेलं आवरण असून नसल्यासारखंच. साठ अंशांचं पाणी वाहणाऱ्या एक इंची उघड्या लोखंडी पाइपातून दर मीटरला साधारण चाळीस वॉट उष्णता हवेत जाते. लाइन दोनशे मीटर असेल आणि पंप चोवीस तास चालत असेल, तर दिवसाला १९० युनिटांच्या आसपास उष्णता नुसती डक्ट तापवण्यात संपते. तेवढ्यात चार हजार लिटर पाणी तापलं असतं. आमचा फिरता पंप रात्रंदिवस चालू होता, कारण त्याला टायमरच नव्हता. दिवसभर सूर्याने जे कमावलं ते रात्रीतून पंप उधळत होता, आणि पहाटे हीटर विजेवर ती तूट भरून काढत होते.

दुसरी गोष्ट शोधायला वेळ लागला, आणि हीच मला सगळ्यांना आवर्जून सांगायची आहे. काही मजल्यांवर दुपारी कुणी पाणी वापरत नसतानाही गरम लाइन अचानक गार पडायची. कारण घराघरातल्या न्हाणीघरांत निघालं. भिंतीवरच्या मिक्सरचे गरम आणि गार असे दोन्ही कॉक उघडे ठेवून पाणी फक्त हँड शॉवरच्या टोकाला बंद केलं, की मिक्सरच्या आत दोन्ही लाइनी एकमेकींना जोडल्या जातात. मग जिच्यात दाब जास्त, तिचं पाणी दुसरीत घुसतं. आमच्याकडे टँकरच्या आणि बोअरच्या जड पाण्याने गरम लाइनमध्ये क्षार साचून ती आतून अरुंद झाली होती. त्यामुळे गार पाणी गरम लाइनमध्ये शिरायचं आणि शेजारच्या, वरच्या, खालच्या घरांना जाऊन पोचायचं. झिजलेल्या कार्ट्रिजचे सिंगल लिव्हर मिक्सरही हेच करतात. तिसरा प्रकार गीझरचा. नूतनीकरण करताना प्लंबर सोलरची लाइन गीझरला जोडून देतो आणि मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवत नाही. अशा एका जोडणीने अख्ख्या उभ्या लाइनीचं पाणी गार होऊ शकतं. ज्याच्या घरात दोष असतो त्याला तो बहुधा कळतही नाही, कारण त्याच्याकडे गीझर असतो.

हे तपासायचं कसं? दुपारच्या शांत वेळी एका उभ्या लाइनीचा गच्चीवरचा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा. रिटर्नला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर तोही बंद करायचा. मग त्या लाइनीवरच्या एखाद्या घरात फक्त गरम नळ उघडायचा. लाइनीत उरलेलं पाणी वाहून गेलं की नळ कोरडा पडायला हवा. पाणी येतच राहिलं, तर कुठल्यातरी घरातून गार पाणी आत येतंय. मग एकेका फ्लॅटचा गरम लाइनीचा स्टॉपकॉक बंद करत जायचं. ज्या फ्लॅटला नळ थांबतो, दोष तिथला. एकापेक्षा जास्त घरांत दोष असेल, तर बंद केलेले कॉक तसेच ठेवून पुढे जायचं.

डागडुजीचा क्रम आम्ही असा ठेवला. आधी प्रत्येक फ्लॅटच्या गरम आणि गार, दोन्ही जोडण्यांवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. मग सगळ्या लाइनीला नायट्राइल रबराचं नवं आवरण आणि गच्चीवर त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा. चांगल्या आवरणाने पाइपातून जाणारी उष्णता एक चतुर्थांशाच्याही खाली येते. पंपाला टायमर लावला. तो आता पहाटे आणि संध्याकाळी थोडा वेळ चालतो. टाकीतला क्षार काढून घेतला, गंज रोखणारा मॅग्नेशियमचा अॅनोड बदलला. हे सगळं मिळून नव्या पॅनेलांच्या खर्चापुढे फार थोडं होतं, आणि पहिल्या मजल्याला पाणी याच कामाने मिळालं.

बॅकअप हीटरचं काय करायचं, हा प्रश्न त्यानंतरच विचारण्यात अर्थ होता. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा विजेला पर्याय नाही. इथे हीट पंपाचा विचार जरूर करावा. तो हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो, त्यामुळे एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. एक हजार लिटरला हीटर ४६ युनिटं घेत असेल तर हीट पंपाला पंधरा-सोळा पुरतात. पण तो मोकळ्या हवेत बसवावा लागतो, आवाज करतो, आणि जड पाण्यात त्याच्याही नळ्यांवर क्षार बसतो. शिवाय उघड्या पाइपांच्या इमारतीत लावला तर तोही रात्रभर डक्टच तापवणार.

वीज वाचवायला टाकीचं तापमान पन्नासच्या खाली ठेवा, असा सल्ला आम्हाला कुणीतरी दिला होता. तो मानू नका. २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लीजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि त्यांच्यामुळे होणारा न्यूमोनिया वृद्धांच्या जिवावर बेतू शकतो. साठवण ६० अंशांवरच असावी. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असलेल्या घरांत भाजू नये म्हणून तापमान मर्यादित ठेवणारा मिश्रण व्हॉल्व्ह बसवावा.

पैशांबद्दल थोडं. सभेत सिंकिंग फंडातून खर्च करायची सूचना हमखास येते. आदर्श उपविधींनुसार तो निधी पुनर्बांधणी आणि वास्तुविशारदाने प्रमाणित केलेल्या मोठ्या दुरुस्त्यांसाठी आहे. पॅनेलांसाठी त्याला हात लावू नये. पुणे महापालिका सोलरसारख्या सोयींसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते, मात्र त्यासाठी यंत्रणा चालू असावी लागते. गच्ची मोकळी असेल तर फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेकडेही पाहावं. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी वीज बनवणारी पॅनेलं बसवायला तिच्यात किलोवॅटमागे १८,००० रुपयांचं अनुदान आहे. अशा विजेवर हीट पंप चालवणं मला भविष्याच्या दृष्टीने सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

देखभाल करार करताना "वर्षातून चार भेटी" एवढ्यावर सही करू नका. हिवाळ्यात सकाळी सात वाजता सर्वांत खालच्या आणि सर्वांत लांबच्या नळाला किती अंशांचं पाणी आलं पाहिजे, तो आकडा करारात लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता त्या मोजणीवर अडवून ठेवा.

आणि सभासदांना एक विनंती. आंघोळ झाली की मिक्सरचे दोन्ही कॉक बंद करा. घर भाड्याने दिलं असेल तर भाडेकरूला हे दाखवून द्या. समितीचा प्लंबर तपासणीला आला तर त्याला आत येऊ द्या. एका फ्लॅटचं दार बंद राहिलं, तर त्या उभ्या लाइनीवरच्या सगळ्या घरांचं पाणी गार राहतं.