सीझन चालू असतानाच

सेंट पॉल, मिनेसोटा

चि. निखिल यास मामाचे अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या फुटबॉल संघात डिफेन्सिव्ह टॅकलची जागा तू मिळवलीस, हे ताईच्या फोनवरून कळलं. फार आनंद झाला. त्याच फोनवर हेही कळलं, की सरावामुळे स्टॅटिस्टिक्सचा वर्ग सोडलास आणि ‘डिग्रीचं खेळ संपल्यावर बघू’ म्हणालास. हे पत्र त्यासाठी आहे. सावकाश वाच.

तुझ्याच जागेवर खेळलेल्या ॲलन पेजबद्दल सांगतो. जन्म 1945 चा, ओहायोतल्या कँटनचा. नोटर डेम विद्यापीठाकडून खेळून 1967 मध्ये तो आमच्या मिनेसोटा व्हायकिंग्जकडे आला. कार्ल एलर, जिम मार्शल, गॅरी लार्सन आणि पेज या चौघांच्या फळीला लोक ‘पर्पल पीपल ईटर्स’ म्हणत. 1971 मध्ये तो एनएफएलचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. तोवर बचावातल्या कुणालाच तो मान मिळाला नव्हता. त्याची खरी ताकद वेगात होती. चेंडू हलला रे हलला, की समोरचा गार्ड सावरायच्या आत हा त्याच्या बगलेतून पार! जुनी चित्रणं मिळतात; ती बघताना त्याच्या पायांवर नजर ठेव.

मला मात्र सांगायचंय ते 1975 बद्दल. नाव होतं, संघात जागा पक्की होती, आणि तेव्हाच त्याने मिनेसोटा विद्यापीठात कायद्याला प्रवेश घेतला. त्याआधी एका लॉ कॉलेजात काही आठवडे जाऊन त्याने ते सोडलं होतं, तरी पुन्हा गेला. 1978 मध्ये पदवी हातात आली. आणि त्याच वर्षी, ऐन सीझनमध्ये, व्हायकिंग्जने त्याला काढलं. तो लांब पल्ल्याचं धावायला लागला होता, वजन उतरलं होतं, आणि ते संघाला चालेना. निखिल, त्याच्यासारख्या खेळाडूचं हे झालं! संघात ठेवायचं की नाही, हे दुसरेच ठरवतात; तुझंही तसंच होणार. पदवी मात्र त्याच्याकडून कुणाला काढून घेता आली नसती. पुढे तो शिकागो बेअर्सकडून 1981 पर्यंत खेळला आणि सीझन नसताना वकिली करत राहिला.

1992 मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयावर तो निवडून आला. त्या न्यायालयावरचा तो पहिला कृष्णवर्णीय न्यायाधीश. ती निवडणूक रद्द होऊ घातली होती. ती व्हावी म्हणून त्याला आधी कोर्टात भांडावं लागलं, आणि तो जिंकला. सत्तराव्या वर्षी, 2015 मध्ये, नियमाप्रमाणे निवृत्त झाला.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. 1988 मध्ये त्याला फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमचा सन्मान मिळाला, तोही कँटनमध्येच. त्याच इमारतीच्या बांधकामावर त्याने तरुणपणी काम केलं होतं. सन्मानाच्या वेळी आपली ओळख करून द्यायला त्याने मिनिॲपोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला बोलावलं. भाषणात तो शिक्षणावर बोलला. संघाचं प्लेबुक ज्यांना धड वाचता येत नव्हतं, अशा सहखेळाडूंबद्दल बोलला. कॉलेजातून आलेली माणसं होती ती! मैदानावर उपयोगी पडत होती म्हणून कुणी त्यांना अडवलं नाही, शिकवलंही नाही. तुझी मला काळजी वाटते ती इथेच. तू वर्ग सोडलास तेव्हा कोच काही बोलले का? नसतील, तर ते तुझ्या भल्याचं आहे असं समजू नकोस.

पेज असामान्य होता, असं तू म्हणशील. खेळात होताच. पण नाव घालणं, सोडलेलं पुन्हा धरणं, सामन्यांच्या धामधुमीत वाचत बसणं, यातलं तुला न जमणारं काय आहे? खेळ सोड असं मी म्हणत नाही. मन लावून खेळ, गुडघे सांभाळ, डोक्याला मार बसला तर एकही दिवस लपवू नकोस.

सोमवारी ॲडव्हायजरला भेट. वर्ग परत मिळतो का विचार. नसेल तर स्प्रिंगसाठी लगेच नाव घाल आणि मला कळव. सीझन संपला की आठवडाभर इकडे ये. पुस्तकं घेऊन ये, स्टॅटिस्टिक्स मामीला उत्तम येतं. आणि आज रात्री ताईला फोन कर.

तुझा,
मामा